पोर्टचं ‘ऑटो’ एका बाजूने काढू नका

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत इंटरनेटचा वेग वाढवण्याच्या दहा युक्त्या सांगणारा लेख आला होता. त्यातल्या आठ निरुपद्रवी आहेत. राउटर कपाटात कोंडू नका, त्याचं सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवा, अधूनमधून बंद करून चालू करा. केल्याने बिघडत काही नाही. नववी युक्ती वाचून मात्र मी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचली. लेखक म्हणतात, राउटरचा इथरनेट पोर्ट, म्हणजे केबल खोचायची खाच, मुळात ‘ऑटो’वर असतो, त्यामुळे राउटर सतत चाचपडत राहतो, सेटिंगमध्ये जाऊन तिथे ‘१०० एमबीपीएस, फुल डुप्लेक्स’ (सेकंदाला शंभर मेगाबिट, दोन्ही बाजूंनी एकदम बोलणं) असं पक्कं करून टाकावं, म्हणजे वेग स्थिर राहतो.

हीच चूक मी स्वतः केलेली आहे, पगार घेऊन केलेली आहे, आणि ती सापडायला मला तीन आठवडे लागले होते. म्हणून हे पत्र.

लेख आला त्याच संध्याकाळी शेजारचा मुलगा दारात उभा. “काकू, पेपरात होतं तसं केलं आणि नेट गेलं.”

“गेलं की मंदावलं?”

“तसं चालू आहे. साध्या साइट उघडतात. पण काही डाउनलोड करायला घेतलं की अडकतं. व्हिडिओ कॉल तर धडच होत नाही.”

हे वाक्य ऐकलं आणि जाऊन बघायच्या आधीच मला उत्तर ठाऊक होतं. तरी गेले. राउटरच्या स्थितीच्या पानावर बाहेरून येणाऱ्या केबलच्या पोर्टपुढे लिहिलेलं: १००, फुल. मग त्याच केबलच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या, इंटरनेट पुरवठादाराने बसवलेल्या डब्याचं पान उघडलं. तिथे त्याच दुव्यापुढे: १००, हाफ. मुलगा म्हणाला, “पण केबल तर एकच आहे!” अगदी बरोबर. केबल एकच, आणि तिच्या दोन टोकांना दोन वेगळे नियम चालू.

आता हे कसं होतं ते सांगते, कारण लेखात नेमकं हेच गाळलं आहे.

इथरनेटचं एक टोक ‘ऑटो’वर असलं की ते तारेवर ठरावीक अंतराने, साधारण दर सोळा मिलिसेकंदांनी, स्पंदनांचा एक झुपका सोडत असतं. त्या झुपक्यात ते सांगतं: मला दहा येतं, शंभर येतं, हजार येतं, हाफ जमतं, फुलही जमतं. समोरचं टोकही आपली यादी सांगतं. दोघांच्या याद्यांत जे सगळ्यात वरचं समान असेल ते ठरतं आणि लिंक चालू होते. ‘चाचपडणं’ म्हणतात ते एवढंच, आणि ते लिंक जोडताना काही क्षणांत संपतं. नंतर दिवसभर राउटर चाचपडत बसलेला नसतो.

आता तुम्ही एका टोकाला ‘१०० फुल’ पक्कं केलंत. अनेक उपकरणांत याचा अर्थ असा की ते टोक आपली यादी सांगणंच बंद करतं. दुसरं टोक बिचारं ‘ऑटो’वर विचारत राहतं आणि उत्तर येत नाही. तरी तारेवरचा सिग्नल बघून त्याला वेग ओळखता येतो. शंभरचा सिग्नल दहापेक्षा वेगळा असतो. पण समोरचा फुल डुप्लेक्स आहे की हाफ, हे त्या सिग्नलमध्ये कुठेही लिहिलेलं नसतं. अशा वेळी काय समजायचं, हे मानकात ठरवून दिलेलं आहे: हाफ समजा. म्हणजे तुम्ही ‘फुल’ निवडलंत म्हणूनच समोरचा ‘हाफ’ झाला. कोणाचाही बिघाड नाही, दोघंही नियमाने वागले.

(काही उपकरणं ‘पक्कं’ केल्यावरही बोलणं चालू ठेवतात, फक्त यादीत एकच पर्याय सांगतात. तिथे हा घोळ होत नाही. पण तुमचं उपकरण यातलं कुठलं, हे सेटिंगच्या पानावर लिहिलेलं सहसा नसतं.)

हाफ डुप्लेक्स म्हणजे एका वेळी एकानेच बोलायचं. फुल म्हणजे दोघांनी एकदमच बोललं तरी चालतं. आता फुलवाला हवं तेव्हा बोलतो, तो समोरचा बोलत असताना थांबणारच नाही, कारण त्याच्या नियमात थांबणं नाही. हाफवाला स्वतः बोलत असताना समोरून आवाज आला की म्हणतो, टक्कर झाली, आणि आपलं वाक्य अर्ध्यात तोडतो. फुलवाल्याला ते अर्धवट वाक्य मिळतं. तो तपासणीची बेरीज जुळत नाही म्हणून टाकून देतो. तोडणारा एक, टाकणारा दुसरा, आणि दोघांच्याही मते दोष समोरच्याचा.

मजा अशी, की थोडंसं बोलणं असेल तर काहीच कळत नाही. पिंग केलं, म्हणजे समोरच्याला नुसती हाक मारून पाहिली, तर उत्तर चोख येतं, कारण एक प्रश्न, मग एक उत्तर. दोघं आळीपाळीनेच बोलतात. मोठी फाइल उतरवायला घेतली की इकडून डेटा आणि तिकडून पोच एकाच वेळी चालू होतात, आणि मग टकरांचा पाऊस.

माझी स्वतःची गोष्ट १९९९ ची. एका कार्यालयाच्या नेटवर्कचं काम मी नुकतंच हाती घेतलं होतं. वरच्या मजल्यावर हिशेब विभाग, खाली सर्व्हर, मध्ये नवा राउटर. आमच्या साहेबांची शिस्त होती: “ऑटोवर भरवसा ठेवायचा नाही. पोर्ट हार्डकोड करायचा.” म्हणजे हातानं पक्का. मी राउटरचे दोन्ही पोर्ट शंभर आणि फुल केले. लिंक आली, दिवे लागले, पिंग गेलं. मी खूश. राउटरची केबल ज्या स्विचला, म्हणजे सगळ्यांच्या केबली एकत्र जोडणाऱ्या डब्याला, जात होती त्याच्याकडे मी पाहिलंही नाही. तो ऑटोवर होता, आणि साहेबांनी शिकवलेल्या वाक्यात स्विचचा उल्लेख नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून हिशेब विभागाची तक्रार: महिनाअखेरचा अहवाल उघडायला पंधरा मिनिटं. मी राउटरवर आकडे पाहिले तर सीआरसी एरर, म्हणजे तपासणीची बेरीज न जुळल्याच्या नोंदी, वाढत होते. सीआरसी एरर म्हणजे केबल खराब, हे पुस्तकात वाचलेलं. केबल बदलली. एरर तसेच. दुसरी बदलली. मग तिसरी, या वेळी टोकाचा कनेक्टर स्वतः दाबून बसवून, प्रत्येक तार भिंगातून बघून. मग सर्व्हरचं नेटवर्क कार्ड बदललं. मग हिशेब विभागातल्या बाईंना विचारलं, तुमचा अहवालच अवाढव्य झालाय का? त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं ते मी अजून विसरलेले नाही.

तिसऱ्या आठवड्यात, केवळ दुसरं काही उरलं नव्हतं म्हणून, मी स्विचचे आकडे काढले. तिथे ‘लेट कोलिजन’चा, म्हणजे उशिरा झालेल्या टकरांचा, रकाना भरून वाहत होता. टक्कर होणं हाफ डुप्लेक्समध्ये नेहमीचंच, पण ती चौकटीच्या, म्हणजे एका खेपेला पाठवलेल्या डेटाच्या गठ्ठ्याच्या, पहिल्या ६४ बाइटांच्या आत व्हायला हवी. केबलची लांबी आणि चौकटीचा किमान आकार यांचं गणितच तसं बसवलेलं आहे. वेळेत टक्कर झाली तर उपकरण थोडं थांबून आपणहून पुन्हा पाठवतं. ६४ बाइटांनंतर टक्कर झाली तर बहुतेक वेळा ती चौकट गेली ती गेली. ती हरवल्याचं वरच्या थरातल्या सॉफ्टवेअरला उशिरा कळतं आणि मग ते पुन्हा पाठवतं. पंधरा मिनिटं त्यात जात होती. स्विचच्या पोर्टपुढे लिहिलं होतं: हाफ. मी राउटर पुन्हा ऑटोवर टाकला, आणि अहवाल उघडला.

तीन केबली आणि एक नेटवर्क कार्ड फुकट बदललं. रोग म्हशीला आणि इलाज पखालीला, तो असा.

साहेबांना दोष देत नाही. त्यांची सवय हवेतून आलेली नव्हती. रॉबर्ट मेटकाफ यांनी १९७३ साली झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात इथरनेटची कल्पना मांडली, तेव्हा सगळे संगणक एकाच जाड केबलला लटकलेले असत. वेग २.९४ मेगाबिट. तिथे एका वेळी एकानेच बोलायचं हा नाइलाज होता. हाफ डुप्लेक्स हा त्याचाच वारसा. पुढे स्विच आले, प्रत्येकाला स्वतःची केबल मिळाली आणि दोन्ही बाजूंनी एकदम बोलणं शक्य झालं. वेगाचं आपापसांत ठरवण्याची पद्धत १९९५ मध्ये शंभर मेगाबिटच्या मानकाबरोबर आली. सुरुवातीच्या काही वर्षांत निरनिराळ्या उत्पादकांची उपकरणं एकमेकांशी नीट ठरवत नसत, ही खरी गोष्ट आहे. तेव्हा अनुभवी माणसं दोन्ही टोकं हातानं पक्की करत. दोन्ही. हा शब्द सांगण्या-सांगण्यात गळत गेला आणि ‘पोर्ट पक्का करा’ एवढंच उरलं, ते आता आपल्या पुरवणीपर्यंत पोचलं.

शिवाय १९९९ मध्ये तांब्याच्या तारेवर गिगाबिट, म्हणजे हजार मेगाबिट, आलं, आणि त्यात तर हे आपापसांत ठरवणं सक्तीचं आहे. कारण गिगाबिटमध्ये केबलमधल्या तारांच्या चारही जोड्यांवरून दोन्ही बाजूंनी एकदमच सिग्नल जातो. त्यासाठी एका टोकाचं घड्याळ प्रमाण धरून दुसऱ्याने त्याला जुळवून घ्यावं लागतं. प्रमाण कोण, हे लिंक जोडतानाच्या त्या बोलण्यातच ठरतं. लेखकांचा सल्ला मानून ज्यांनी गिगाबिटचा पोर्ट १०० वर आणला त्यांनी, दुसऱ्या टोकाला घोळ झाला नाही असं धरलं तरी, आपला रस्ता दहा पटींनी अरुंद करून घेतला. शेजारच्या मुलाचं तेच: परत ऑटो केल्यावर दोन्ही पानांवर ‘१०००, फुल’ आलं. त्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

एक आकडा वाचकांना उपयोगी पडेल. वेगाची चाचणी केली आणि घेतलेली जोडणी तीनशेची असतानाही आकडा ९४ च्या आसपास येऊन खिळला, दर वेळी तिथेच, तर बाहेरच्या जोडणीवर रागावण्याआधी पोर्ट शंभरवर उतरलाय का ते पाहावं. कारण साधं आहे. तारेवरून जाणारी प्रत्येक पूर्ण चौकट, आजूबाजूची रिकामी जागा धरून, १५३८ बाइटांची होते आणि त्यात तुमच्या कामाचे जास्तीत जास्त १४६० असतात. शंभरातले चौऱ्याण्णव-पंचाण्णवच हाती लागतात. हा आकडा मी इतक्या वेळा पाहिलाय की कोणी “चौऱ्याण्णव” म्हटलं की माझा हात केबलकडे जातो.

केबलकडेच, कारण शंभरवर उतरण्यामागे बहुतेकदा केबलच असते. शंभरला आठ तारांपैकी चारच लागतात: १, २, ३ आणि ६. हजारला आठही. कनेक्टरमधली ४ नंबरची तार नीट बसली नसेल तर शंभर बिनबोभाट चालतं आणि हजार उभंच राहत नाही. एका शाळेच्या संगणक कक्षात मी हे पाहिलं. तिथल्या शिक्षकांनी कुठल्याशा सल्ल्यावरून पोर्ट ‘१०००’ वर पक्का केला आणि लिंकच गेली. त्यांचा निष्कर्ष: राउटर खराब. ऑटोवर असताना ते उपकरण दोन-चारदा प्रयत्न करून शंभरवर उतरत होतं, निदान चालत तरी होतं. नवा कनेक्टर लावला, पोर्ट ऑटोवरच ठेवला, हजार आलं. त्या दुपारी सेटिंगच्या पानाला हात लावायची काही गरज नव्हती.

मग पक्कं कधीच करू नये का? करावं. समोरचं उपकरण इतकं जुनं असेल की त्याला ऑटो येतच नाही, तेव्हा. किंवा पुरवठादाराने लेखी सांगितलं असेल की आमचं टोक १०० फुलवर पक्कं आहे, तुमचंही ठेवा, तेव्हा तर ठेवलंच पाहिजे; तिथे आपण ऑटोवर राहिलो तर हाफ आपण होऊ. एका हाताने टाळी वाजत नाही, एवढं धरून दोन्ही टोकांना सारखं करावं आणि राउटरला चिकटपट्टी लावून त्यावर लिहून ठेवावं. पुढचा माणूस दुवा देईल. अजून एक: काही उपकरणांत ऑटो काढलं की सरळ आणि उलट्या केबलमधला फरक आपोआप ओळखण्याची सोयही जाते, आणि काल चालणारी केबल आज चालत नाही.

आणि ज्या पोर्टमधून आपण राउटरमध्ये शिरलो आहोत त्याच पोर्टची सेटिंग बदलू नये. हसू नका, मी केलंय. दुसऱ्या इमारतीतल्या राउटरवर इथून बसून पोर्टचा वेग बदलला, एंटर दाबलं, आणि पडदा थिजला. बसलेली फांदीच तोडली. नशीब, बदल सेव्ह केला नव्हता. तिथल्या पहारेकऱ्याला फोन करून म्हटलं, डाव्या बाजूच्या काळ्या डब्याचं बटण बंद करून पुन्हा चालू करा. जुनी सेटिंग परत आली. त्यानंतर मी दूरच्या राउटरवर काम करताना आधी ‘दहा मिनिटांनी आपोआप रीस्टार्ट हो’ असा हुकूम देऊन ठेवते. सगळं नीट झालं तर तो रद्द करते आणि मगच सेव्ह. आता निवृत्त झाले, तरी भाच्याच्या घरच्या राउटरला हात लावतानाही आधी सेटिंगची प्रत काढून ठेवते.

दहावी युक्ती राहिली. लेखक म्हणतात एमटीयू, म्हणजे एका खेपेला जास्तीत जास्त किती बाइट पाठवायचे तो आकडा, १५०० करा. इथरनेटची चौकट १५०० बाइट पोटात घेते हे बरोबर. पण ज्यांची जोडणी नाव आणि पासवर्ड देऊन, पीपीपीओई पद्धतीने होते त्यांच्यात आठ बाइट त्या पद्धतीलाच जातात, उरतात १४९२. राउटरने आपणहून १४९२ ठेवलेलं असताना ते १५०० केलं तर काही साइट उघडतात, काही अर्ध्यावर लटकतात, आणि माणूस त्या साइटला नावं ठेवतो. याचं इतकंच पुरे. नववीइतकी ती घातक नाही, कारण तिचा त्रास पटकन दिसतो.

लेखकांना वाईट वाटावं म्हणून मी लिहिलेलं नाही. त्यांचं पाऊल जिथे चुकलं तिथेच माझंही चुकलं होतं. फरक एवढाच, की माझ्या चुकीने एकच हिशेब विभाग अडला होता. आपल्या पुरवणीचे वाचक किती, ते आपण जाणता.

माझी विनंती आहे की पुढच्या रविवारी त्याच पानावर छोटी चौकट द्यावी. मजकूर इथेच देते, शब्द हवे तर बदला:

‘मागील अंकातील युक्ती क्र. ९ प्रमाणे ज्यांनी राउटरच्या इथरनेट पोर्टची सेटिंग १०० फुल डुप्लेक्स केली असेल त्यांनी ती पुन्हा ऑटो करावी. त्यानंतर राउटरच्या स्थितीच्या पानावर पोर्टपुढे काय लिहिलंय ते पाहावं. तिथे किंवा केबलच्या दुसऱ्या टोकाच्या उपकरणावर “हाफ” दिसलं, तर त्या उपकरणाचा पोर्ट कोणी पक्का केला आहे का ते तपासावं. दोन्ही पोर्ट गिगाबिटचे असूनही “१००” दिसलं, तर केबल बदलून पाहावी.’

आपली,
एक निवृत्त नेटवर्क तंत्रज्ञ

ता. क. पत्र लांबलंय, ठाऊक आहे. कापायचंच झालं तर मेटकाफ आणि माझे साहेब कापा. हिशेब विभागातल्या बाई राहू द्या.